आमची गाडी कोणत्या रकान्यातली

काकांच्या मते आमची गाडी हलक्या कामाची होती. काका म्हणजे माझे मालक. सहा टायरचा एकच ट्रक, हायवेवरच्या शिवऱ्यापासून थोडं आत घर, आणि घरामागच्या खोलीत मी. मी उमरखेडकडचा. सहावीत शाळा सोडली, पुढं गाड्यांवरच वाढलो. रस्त्याच्या ठेकेदाराच्या टिपरवर या भागात आलो. काम उरकलं तसा ठेकेदार गेला आणि मी राहिलो. काकांचा गुडघा क्लच दाबू देत नव्हता. त्यांनी दोनचार दिवस शेजारी बसून माझी गाडी पाहिली आणि चावी दिली. जेवण त्यांच्याच चुलीवरचं. कुणी इतका विश्वास टाकला की झोप चांगली लागायला हवी, माझी उडाली. पाब्याचा घाट उतरताना प्रत्येक वळणावर वाटायचं, आता काही तुटलं तर या घरात तोंड कसं दाखवू.

त्या भीतीपायी मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक मागून घेतलं. कधी काय बघायचं, कशाला ग्रीस द्यायचं, काय आवळायचं, सगळं त्यात होतं, पण इंग्रजीत. ते वाचलं वहिनींनी. वहिनी म्हणजे काकांच्या सूनबाई. मी त्यांना वहिनी म्हणतो, म्हणून त्या मला भावजी म्हणतात. त्या ओट्यावर पावटे सोलत वाचायच्या, मी गाडीखाली उताणा. त्यांना शब्द कळायचे पण वस्तू माहीत नव्हती, माझं नेमकं उलटं.

"भावजी, इथं लिहिलंय, मागच्या चाकाकडं जाणाऱ्या दांड्याचे सांधे."

"ते क्रॉस. हाय. पुढं?"

"स्प्रिंगच्या पाट्यांना धरून ठेवणारे बोल्ट. आवळायचे, पण गाडी भरलेली असताना."

हे मला नवीन होतं. आजवर आम्ही ते रिकाम्या गाडीवर आवळत आलो होतो. मी खालूनच म्हणालो, "परत वाचा." त्यांनी परत वाचलं, आणि एक पावटा मला मारला. "मास्तर व्हायला लावलं तुमी मला."

त्या पुस्तकात दोन रकाने होते. एक साध्या रस्त्यावरच्या गाड्यांचा. दुसरा घाट, चिखल, धूळ, पाणी यांतून चालणाऱ्यांचा; त्यांना तेच काम निम्म्याहून कमी अंतरावर करायचं. खाली एक ओळ वेगळी होती: चाकं पाण्यात बुडाली असतील तर किलोमीटर बघत बसू नका, लगेच ग्रीस द्या.

मी काकांना म्हणालो, आपण दुसऱ्या रकान्यात. काका हसले.

"ती खाणवाल्यांची कालम हाय. आपण काय दगुड वाहतो व्हय? चार खेपा मारून गाडी दारात उभी."

"पण काका, पाब्याला दुसऱ्या गिअरात तास जातो. चाक कमी फिरते, पण स्टेअरिंग किती फिरते?"

"आणि किलोमीटर कुठं वाढल्यात? मीटर कवाचं बंद हाय. जे वाढतच न्हाई त्याची सर्व्हिस कशाला?"

मी म्हणालो, "काऊन असं बोलता, काका?" त्यावर सगळं घर हसलं, कारण 'का'ऐवजी माझं 'काऊन' त्यांना लई आवडायचं. काका लबाड माणूस न्हवते. वीस वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या अंदाजानं गाडी चालवली होती आणि ती चालली होती. अंदाजाला पुस्तक दाखवलं की तो रुसतो.

असा पावसाळा गेला आणि खंडेनवमी आली. सकाळीच गाडी ओढ्यात घातली. या बाजूला सगळेच घालतात. त्या दिवशी ओढ्यात ट्रॅक्टर, टेम्पो, जीपा, म्हशी एका रांगेत. अर्धी चाकं पाण्यात, आम्ही घासतोय. दुपारच्या आत घरी आणून झेंडूचे हार घातले. मग ओसरीवर पाट मांडून हत्यारं पुजली: पाने, टॉमी, जॅक, ग्रीसगन. सगळी पुसून चकचकीत, वर हळदकुंकू. ती दसरा सरेपर्यंत उचलायची न्हाईत.

ओढ्यातून येतानाच मला स्टेअरिंग जड लागलं होतं, आणि वळवताना खालून कुरकुर. दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंट भरून पाब्यापलीकडं जायचं होतं. तिथं एकाच्या घराचा स्लॅब अडला होता. मी काकांना म्हणालो, "गाडी पाण्यातून आली. ग्रीस द्यावं लागेल. आजच."

"पूजेतलं हत्यार हलवायचं न्हाई."

"तर मग सकाळी गाडी कशी न्यायची?"

"जशी आजवर गेली तशी."

दुसऱ्याच्या घरात, त्यांच्या सणाला, त्यांच्या देवापुढचं काही उचला म्हणणारा मी कोण. पण वहिनी आतून म्हणाल्या, "मामंजी, आपली ग्रीसगन पूजेत हाय. दुसऱ्याची आणली तर?"

काका गालातल्या गालात हसले. "आण जा. मिळाली तर."

ते कशाला हसले हे मला वाटेत कळलं. हायवेवरच्या तिन्ही गॅरेजांत ग्रीसगन देवापुढं. टेम्पोवाल्याकडं देवापुढं. एकाची तर नारळाच्या शेजारी मानानं उभी. शेवटी ट्रॅक्टरवाल्या एका शेजाऱ्याच्या गोठ्याशी गेलो. त्यांच्या कारभारीणबाई म्हणाल्या, "आमच्यांची ती बघा पडलीया कोपऱ्यात. इतकी मळकी, की देवापुढं ठिवायची लाज वाटली. न्या."

ती तेलकट, शेणानं माखलेली ग्रीसगन मी छातीशी धरून आणली.

गाडीखाली शिरून ग्रीस भरायच्या एकेक निपलला लावली. आधी पिवळट पाणी यायचं, मग जुनं काळं ग्रीस, मग नवं. पाट्यांच्या पिना, मागचे क्रॉस, सगळ्यांनी ग्रीस घेतलं. स्टेअरिंगच्या लांब दांडीच्या टोकाला मात्र ग्रीस आत गेलंच न्हाई. रबराची टोपी फाटलेली, तिथून सगळं बाहेर. कधी फाटली कोण जाणे. पावसाळाभर त्या सांध्यानं पाणीच प्यायलं असणार.

चाकांना दगड लावले आणि वहिनींना म्हणालो, "वर बसता का? स्टेअरिंग डावंउजवं थोडंसंच हलवायचं."

"मी? हार तुटला तर मला बोलू नका." त्या पदर खोचून चढल्या.

मी सांध्यावर बोट ठेवलं. त्या हलवायच्या आणि आतला गोळा आधी टकटक सरकायचा, मग कुठं दांडी हलायची. एवढीशी फट. सपाट रस्त्यावर महिनाभर कळलीही नसती. घाटात मात्र सांधा निसटला की स्टेअरिंग फिरतं, चाकं वळत न्हाईत.

बाहेर येऊन मी काकांपुढं उभा राहिलो. काय बोलायचं ते मी खाली पडल्या पडल्याच ठरवलं होतं.

"काका, या सांध्यावर भरलेली गाडी मी घाटात नेणार नाही. नेणारा दुसरा पाहा. मी खोली सोडतो."

"शिकवतो व्हय मला?" काका उठले. "माणूस तिकडं स्लॅब धरून बसलाय. मी जबान दिलीया."

"तुम्ही एकदा बोट लावून पाहा. मग सांगा नेऊ का. तुम्ही नेऊ म्हटलं तरी मी नेणार नाही, पण पाहा."

धोतराचा सोगा वर खोवून काका दुखरा गुडघा धरत गाडीखाली शिरले. मी हात देत होतो, तो घेतला न्हाई. "हलीव गं," म्हणाले. वहिनींनी हलवलं. "परत." परत हलवलं. मी माझ्या पिशवीत काय काय आहे ते मनात आठवत होतो.

बाहेर यायला मात्र त्यांनी माझा हात घेतला. हात ग्रीसनं बरबटला. त्याच हातानं त्यांनी मोबाईल काढला आणि स्लॅबवाल्याला लावला. "उद्या गाडी येत न्हाई. व्हय, दिली हुती जबान. न्हाई, डायवर पळाला न्हाई, हितंच हाय. गाडी उभी केलीया म्या." पलीकडचा काय काय बोलला ते ऐकून घेतलं, आणि फोन वहिनींकडं देत म्हणाले, "त्या पुस्तकातली ती दुसरी कालम. तिच्यात पुढचं काय बघाय सांगितलंय ते वाच. आणि तू उभा का? जेवून घे."

दसऱ्यानंतर भोरला जाऊन नवा सांधा आणला आणि मिस्त्रीकडून बसवला. मग मी सिमेंट भरून पाबे उतरलो. काका सोबत आले न्हाईत. स्लॅबवाला वाटच पाहत होता. त्यानं मला, माझ्या मालकाला आणि आमच्या गाडीला पोटभर ऐकवलं. मी पोती उतरवून दिली. नवा सांधा पहिल्या भरलेल्या खेपेनंतर परत बघायचा असतो, म्हणून पोतं अंथरून गाडीखाली गेलो. नट घट्ट होता, पिन जागेवर होती, ग्रीस आतच होतं. वर त्याचं बोलणं चालूच होतं.