करपलेल्या दुधाचं उत्तर

दूध करपल्याचा वास आला की बुढापारा मोहल्ल्यातलं आमचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर येतं. तेव्हा मी कॉलेजात शिकत होते आणि दुसऱ्या दिवशी माझा जीवरसायनशास्त्राचा पेपर होता. ताईनं मला गॅसवरच्या दुधाकडे बघायला सांगितलं होतं, आणि मी ओट्याशी उभी राहून घोकत होते, की अँटिऑक्सिडंट चवताळलेल्या रेणूला आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, म्हणून तो पेशीला ओरबाडत नाही. पण देणारा स्वतः कसा चवताळत नाही, ते काही डोक्यात शिरत नव्हतं. तेवढ्यात दूध करपलं. बाबा भनपुरीहून, कामावरून उन्हातून आलेले, दारातूनच कडाडले, "दुधाजवळ कोण होतं?" मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "मी, बाबा. विसरलीच मी." सगळा राग तिच्यावर निघाला आणि बाबा पंख्याखाली जाऊन निवले. मी हळूच विचारलं, "ताई, काहून घेतलं अंगावर?" ती पातेलं घासत हसली. "तुले उद्या पेपर आहे ना? मले काय होते?" देणाऱ्याला तेवढं सोसतं, म्हणून तो चवताळत नाही; ते उत्तर मला पुन्हा घोकावं लागलं नाही. आता मी कॉलेजात हेच शिकवते. ताई कधीमधी विचारते, "काय शिकवून राहिली वं पोट्ट्यांले?" मी सांगते, "तू त्या दिवशी पातेलं काहून घासलं, ते."