तिसरं ब्लँकेट

चामटोली गावाच्या पुढे, शेतात, आमचं व्यसनमुक्ती केंद्र होतं. तिथले बहुतेक पेशंट दारूचे. म्हणून रजेवरून परत आलं की गेटवरच केंद्र चालवणाऱ्या सरांच्या तोंडासमोर "हाऽ" करून श्वास सोडायचा. वास आला नाही की आत. पार्टीतल्या नशेच्या गोळ्यांपायी आलेले आम्ही दोघंच, मी अंबरनाथचा आणि तो जवळच्याच कॅम्प चार वस्तीतला. गोळीला वास नसतो, यावर आम्ही कितीदा खिदळलो होतो.

त्या रविवारी तो सकाळीच घरून परतला. "हाऽ" केलं, पास झाला. खोलीत येऊन हळूच म्हणाला, "मी दोन मारल्यात. तुझ्यासाठी अर्धी आणलीय. चाहिए क्या?" माझे नशेशिवाय अठ्ठावन्न दिवस झाले होते. तरी घेतली.

दुपारी तो तापला. एप्रिल महिना, वर पत्रा. दात करकर वाजत होते, डोळे सताड उघडे, सारखं पाणी मागत होता. शेजारच्या खाटेवरचे काका मायाळू माणूस. ते म्हणाले, "थंडीताप हाय. घाम काढा, उतरंल." सरांनाही पटलं. एक ब्लँकेट घातलं, मग दुसरं.

या गोळीनं अंग आतून पेटतं, त्याला उघडं करायला हवं, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं. पण बोललो तर सगळ्यांसमोर माझे दिवस शून्यावर आणि पुढची रजा बंद. पुढच्याच रविवारी बहिणीचा साखरपुडा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला बजावत मी भिंतीला टेकून बसलो. इतका भेकड मी कधीच नव्हतो.

काकांनी तिसरं ब्लँकेट आणलं तेव्हा त्याने पाणी मागणं थांबवलं होतं. हाक मारली तरी ओ देईना.

"काढा ते सगळं!" मी ओरडलो. "त्याने गोळ्या खाल्ल्यात. मीपण."

सरांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि गाडी काढायला धावले. काका ओला पंचा त्याच्या अंगावर फिरवत होते.

साखरपुडा मी फोटोत पाहिला. पंधरा दिवसांनी तो परत आला, निम्मा होऊन. माझा हात धरून म्हणाला, "भाई, डॉक्टर बोलले, अजून उशीर झाला असता तर खल्लास. तू लगेच बोललास म्हणून वाचलो."

मी पाऊण तास गप्प बसलो होतो.

"मग काय," मी म्हणालो, "सोडणार होतो होय तुला?"