कंदील वाढव गं

आमच्या अक्कांचं मराठी मला या जन्मात कळेल असं वाटत नाही. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, रत्नाबाई. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलं, ते देवनहळ्ळीचंच झालं. मी नाशिकची. बोलतो दोघी मराठीच, पण निम्मं माझ्या डोक्यावरून जातं आणि निम्मं त्यांच्या.

पहिल्या दिवाळीला त्या म्हणाल्या, "स्मृती, कंदील लाव." मी हौसेने सर्जापूर रोडवरून आणलेली कागदी चांदणी टांगली. अक्का बघतच राहिल्या. "आकाशबुट्टी छान आहे गं, पण कंदील कुठाय?" त्यांचा कंदील म्हणजे काचेचा, वातीचा, घासलेटचा. आता घासलेट मिळतं तरी का कुठे? पण त्या मिळवतात. करंट असो नसो, तिन्हीसांजेला तो लागतोच. पुढच्या दारी टांगला की अक्का घरात आहेत, या बसायला. मागच्या दारी टांगला की परसात आहेत, हाक मारा. शेजारची रम्या कंदील बघूनच येते. गेल्या वर्षी अक्का मोरीत पडल्या, तेव्हाही कंदील दिसला नाही म्हणूनच ती धावत आली.

तेव्हापासून आमच्या जिवाला घोर. माझा नवरा अभिराज त्यांचा एकुलता एक. शहरात आमच्या फ्लॅटवर राहायला चला म्हणून किती विनवलं! अक्कांचं आपलं एकच, "स्वल्प थांबा रे, बघू." मग एके दिवशी त्यांचा फोन आला. मीच घेतला.

"अभिला सांग, माझं ठरलं. आता घर वाढवा." एवढं बोलून फोन बंद.

मी अभिराजला सांगितलं, "अक्कांना तिथेच राहायचंय. घर मोठं करा म्हणताहेत." त्याचं तोंड एवढंसं झालं. मला तर रडूच आलं. पण करता काय? वर एक खोली काढू, सोबतीला बाई ठेवू, असं ठरवून आम्ही मेस्त्रीला पाठवलं.

तर अक्का फुगल्या! मेस्त्री मापं घेऊन गेला, त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. फोनवर "हं" आणि "सरी", म्हणजे कानडीतलं "बरं", यापुढे शब्द नाही. अहो, तुम्हीच म्हणालात ना? विचारलं तर म्हणे, "तुम्हाला वाटेल ते करा." मी पार चक्रावून गेले. खोली लहान पडतेय? बाई नकोय? अभिराजला विचारावं तर तो म्हणे, "मलाच काही कळेना, तुला काय सांगू?"

शनिवारी आम्ही देवनहळ्ळीला गेलो. अभिराज मेस्त्रीशी बोलायला गच्चीवर गेला. मी स्वयंपाकघरात अक्कांशेजारी बसले. तेवढ्यात करंट गेला. पुढच्या दारचा कंदील लागलेलाच होता; अक्कांनी स्वयंपाकघरातला दुसरा लावला. थोड्या वेळाने करंट आला.

"वाढव गं तो कंदील," अक्का म्हणाल्या.

लख्ख उजेडात आणखी कशाला? पण म्हटलं, वाद नको. मी वात चांगली वर केली. भसकन ज्योत चढली, काच काळी पडली आणि टणकन फुटून खाली पडली.

"अय्यो! वाढव म्हटलं ना तुला!"

"मग वाढवलाच की!"

"अगं, वाढव म्हणजे शांत कर!"

"विझवा म्हणा ना मग सरळ!"

"श्श! दिव्याला असलं बोलतात होय तिन्हीसांजेला?"

मी कपाळावर हात मारला. बांगडी फुटली तर आमच्याकडेही वाढवली म्हणतात. नारळसुद्धा आम्ही वाढवतोच. आणि मला अक्कांचं फोनवरचं ते वाक्य आठवलं.

"अक्का, मग घर वाढवा म्हणजे?"

अक्का काचा वेचत होत्या. मान वर केली नाही. "घर बंद करा, म्हणजे कुलूप लावा, मी येते. आणखी काय? तर तुम्ही खोली बांधायला काढलीत. मी समजले, म्हातारी तिकडे नको झालीय."

"अहो अक्का, तसं नाही हो!" मी त्यांना मिठीच मारली. मग भांडले. मग दोघी रडलो. अभिराज घाईने खाली आला आणि दारातच उभा राहिला.

बिनकाचेचा कंदील धुरकटत होता. अक्कांनी डोळे पुसले. "आता तरी वाढव."

मी फुंकर मारली. अक्का उठल्या आणि त्यांनी दाराआडून एक बांधलेली पिशवी काढली. फोन केला त्याच दिवशी भरून ठेवली होती म्हणे.