कात्री वाजली की घास

"तो माझ्या हातचंच खातो, ताई. मी लग्न करून गेले तर उपाशी राहील."

"सवय कोणी लावली? वर मिरवतेस. बस आता जन्मभर."

समोरच्या घरातलं हे भांडण मी जिन्यात ऐकलं, त्याला सव्वीस वर्षं झाली. गुडघे दुखत होते म्हणून थांबले, असं मी सांगते. तेव्हा माझे गुडघे ठणठणीत होते.

ताई आपल्या संसाराला निघून गेली. धाकटी, आमची शिवणवाली, राहिली. भावाला जन्मापासून हातापायांची साथ नाही, बोलणं नाही. पण खुर्चीत असा बसतो की सगळा मजला त्याला राजे म्हणतो. एकदा तो घसरून सरपटत जिन्यापर्यंत आला, तेव्हापासून ही बाहेर निघाली की दाराला बाहेरून कुलूप. धागा, बटणं, औषध, आणि वीस मिनिटांत परत. त्यापलीकडे तिचं जग कधी गेलंच नाही.

यंदा तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन, आठ दिवस दवाखाना. तिनं दोनदा तारीख पुढे ढकलली.

"त्याला कोण भरवणार, आजी?"

"मी काय तोंड बघत बसलेय? पाच पोरं वाढवली, वर एक नवरा."

ती जाण्याआधी त्याला माझी सवय व्हावी म्हणून तीन दिवस मी चमचा घेऊन बसले. राजेंचे ओठ काही उघडेनात. चौथ्या दिवशी पदराचा लोंबता धागा कापायला मशीनवरची कात्री उचलली. कचकच झालं, आणि राजेंनी आ केला.

तेव्हा उमगलं. ही शिवता शिवता भरवायची, एका हातात कात्री असायचीच. कात्री वाजली की घास. मी वाजवत गेले, वाटी रिकामी झाली.

ती दारात उभी होती. मला वाटलं, हसेल.

"म्हणजे माझा हात नव्हताच," ती म्हणाली.

"अगं, बरंच झालं की. आता सुखानं जा."

"सव्वीस वर्षं, आजी."

मग भावाचं तोंड पुसलं. मी ते आधीच पुसलं होतं.

काल, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी, एकच काम उरलं होतं: कात्रीला धार. आठ दिवस चालायला हवी, म्हणाली. मला राजेंजवळ बसवलं, खुर्चीचा पट्टा दोनदा ओढून पाहिला, "आलेच" म्हणाली आणि दार ओढून बाहेरून कुलूप घातलं. मी आत आहे हे तिच्या हातांना कोण सांगणार?

मी हाक मारली नाही. राजे दाराकडे बघत होते, मीही तिकडेच बघत बसले. पंधरा मिनिटांत जिन्यात चप्पल वाजली. धावत येत होती.