समोरच्या प्लॉटवरचा तणमोर

तक्रार करणं हा माझा स्वभावच आहे, लपवून काय उपयोग? घणसोलीत राहायला आल्यापासून पाणी, गटार, रस्त्यावरचे दिवे, कशावर ना कशावर माझी तक्रार चालूच असते. त्या जुलैत समोरच्या रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं गवत माजलं, आमच्या पार्किंगमध्ये साप निघाला आणि सासऱ्यांना डासांनी फोडून काढलं. मी महापालिकेच्या ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली आणि विसरून गेले. गवतासाठी याआधी चारदा टाकली होती, कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं.

सासूबाई गेल्यावर वाशिमकडचं घर बंद करून सासरे आमच्याकडे आले होते. गॅलरीत खुर्ची टाकून दिवसभर बसायचे. मी विचारायचे, "चहा घेता का?" ते म्हणायचे, "घेतो." संपलं बोलणं. खरं सांगते, मला वाटायचं, मी त्यांना आवडतच नाही.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी ते गॅलरीतून ओरडले, "ओ बाई! लवकर ये, लवकर!" माझ्या हातातलं दूध सांडलं. वाटलं, पडले! धावत गेले तर रेलिंगला धरून उभे. "त्या गवतात पाह्य."

गवतातून काहीतरी काळं सरळ वर उडालं आणि धपकन खाली गेलं. मला वाटलं, कुणी चेंडू उडवतंय. पुन्हा वर! आता मान दिसली, फडफडणारे पंख, त्यांवरचं पांढरं, डोक्यामागे मिशांसारखे तुरे. बेडकासारखा टर्र आवाज आला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"तणमोर व्हय तो," सासरे म्हणाले आणि चक्क रडायला लागले. त्यांच्या लहानपणी गावच्या माळावर पावसाळ्यात तणमोर यायचे. माळ नांगरून सोयाबीन आलं आणि पक्षी गेले. "तीस वर्सं झाली असतीन पाह्यल्याले. अन् इथं? मुंबईत?" सगळ्या देशात आता अगदी थोडे उरलेत, हे मी मग फोनवर वाचलं आणि हादरलेच. इतक्या थोड्यांतला एक आमच्या पार्किंगसमोर कसा काय?

पुढचे आठ दिवस घर बदललं. सहाला सासरे मला हाक मारायचे, दोघं चहा घेऊन गॅलरीत बसायचो. कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं, लोक कॅमेरे घेऊन गवत तुडवतील म्हणून. "मादीले बलावते तो. पन इथं कुठची मादी? एकटाच उड्या मारून रायला," ते म्हणायचे. सासूबाईंबद्दलही पहिल्यांदाच बोलले. "गवत कापताना तुह्या सासूले तणमोराचे अंडे दिसले, की ती तेवढं गवत सोडून कापे."

नवव्या दिवशी पोळ्या लाटत होते आणि बाहेर घर्रर्र सुरू झालं. आधी लक्षच गेलं नाही. मग सासऱ्यांचा आवाज आला, "कापून रायले! बाई, कापून रायले!"

गाऊनवर ओढणी टाकून मी तशीच जिने उतरले. तीन माणसं खांद्याला मशीन लावून प्लॉट साफ करत होती. अर्ध्याच्या वर झालाही होता. मी सरळ मशीनसमोर जाऊन उभी राहिले. "बंद करा! आधी बंद करा! पक्षी आहे आत, कळत नाही का तुम्हाला? कुणी सांगितलं कापायला?"

मशिनी थांबल्या. त्यांचा मुकादम मोबाइल काढत जवळ आला. अगदी नम्रपणे म्हणाला, "म्याडम, तुमचीच कंप्लेंट हाय ना? फ्लॅट चारशे तीन?"

स्क्रीनवर माझं नाव होतं. मी काढलेला फोटो होता. खाली मीच लिहिलं होतं, 'त्वरित कारवाई करावी.' मी काही बोलायच्या आत मागे उरलेल्या पट्ट्यातून तणमोर उठला, भिंतीवरून अगदी कमी उंचीवर उडत हायवेच्या दिशेला गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

वर आले तर सासरे दारातच उभे. "काय म्हने तो? कोनं केलं हे?"

"पलीकडच्या सोसायटीवाल्यांनी तक्रार केली होती," माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. "लय भांडली तू, माय. म्या वरून पाह्यलं सारं. तुही सासू बी अशीच उभी रायली असती."

तेवढ्यात हातातला फोन वाजला. 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आपण समाधानी आहात का?' खाली पाच चांदण्या.

"कोनाचं व्हय?" त्यांनी विचारलं.

"बँकेचं," मी म्हटलं.

अजूनही गावाकडून कुणाचा फोन आला की ते मोठ्या आवाजात सांगतात, "आमची सून मशीनीसमोर उभी रायली, सांगतो तुले!" मी स्वयंपाकघरात नळ मोठा सोडते.