उंदरांनी खाल्लेलं पत्र

लव्हिना पेटिबोन आमच्या गावात लोकांची धुणी धुवायची. अख्ख्या इंडियानात कॉलरला तिच्यासारखी इस्त्री कुणाला जमत नसे, आणि तिच्यासारखं फटकळ तोंडही कुणाचं नव्हतं. नवरा हायरम यादवी युद्धात मारला गेला. त्या दोघांचं लग्न माझ्या वडिलांनी लावलेलं; ते गावचे पाद्री. पुढे चर्च जळालं, त्यात लग्नांची वही गेली. साक्षीदारही एकेक करून गेले. सरकार म्हणे, आधी लग्नाचा पुरावा आण, मग विधवेचं पेन्शन माग.

एका सोमवारी ती माझ्या दारात आली. "फिलुराबाई, तुमच्या वडिलांनी लग्नाच्या दिवशीच तुमच्या खासदार काकांना पत्र लिहिलेलं. मला कुठलं वाचता येतंय, म्हणून त्यांनीच वाचून दाखवलं. माझं लग्न लावल्याचं आहे त्यात. कागद तुमच्याकडेच आहेत ना?"

होते तर. वडील आणि काका गेल्यावर पत्रांची पेटी माझ्याकडेच आली होती. लव्हिना ओट्यावर टेकली, मी आत जाऊन पेटी उपसली. त्या तारखेचं पत्र सापडलं. सहीच्या जागी चौकोनी भोक. कागद दोन्ही बाजूंनी लिहिलेला, त्यामुळे मागची लग्नाची ओळही सहीबरोबर गेलेली.

ते भोक माझंच. त्याच्या दोन वर्षं आधी नव्या चर्चच्या घंटेसाठी बाजार भरला, तेव्हा मोठ्या माणसांच्या सह्या विकायची टूम निघाली होती. घरी बसून काकांच्या आणि वडिलांच्या पत्रांवर कात्री मी चालवली. विकायला दुसऱ्या बायका होत्या. मागे काय लिहिलंय ते बघायची अक्कल नव्हती मला. गावाने वाहवा केली, ती मात्र गोड मानून घेतली.

पत्र तसंच पेटीत टाकून मी बाहेर आले. "उंदरांनी खाल्लं गं," मी म्हणाले.

तिने धुण्याची टोपली जवळ ओढली. मग म्हणाली, "खासदाराचा कागद खाल्ला ना, आता तेही निवडणुकीला उभे राहतील." आणि टोपली उचलून गेली.

पेन्शन नामंजूर झालं. पुढची अकरा वर्षं ती धुणीच धूत राहिली. हिवाळ्यात बोटं चिरून रक्त यायचं, आणि त्याच बोटांनी माझ्या चादरी पिळायची. मी तिला केक द्यायची, जुनी शाल द्यायची. "एवढं कशाला करता, बाई? मी काय तुमची लागते?" ती विचारायची. खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. पाद्र्याची मुलगी खोटी ठरेल, याचीच मला भीती. लाज वाटते आता.

गेल्या मार्चमध्ये ती वारली. मागे कुणी नाही, म्हणून तिचं सामान मी आवरायला घेतलं. बायबलात हायरमच्या फोटोशेजारी टाचणीने एक कपटा लावलेला होता. वडिलांची सही. लग्न लावणाऱ्याची आठवण म्हणून बाजारात तिनेच घेतली असणार. मी टाचणी काढून कपटा उलटा केला. 'लव्हिना आणि हायरम पेटिबोन यांचं लग्न आज मी लावलं.'

घरी येऊन तो भोकात ठेवला. बरोबर बसला. त्या अकराही वर्षांत तो माझ्यापासून चार घरांवर होता. त्या सोमवारी मी उंदरांऐवजी कात्रीचं नाव घेतलं असतं, तर लव्हिना तशीच घरी जाऊन तो घेऊन आली असती.