नकाराला माणूस लागतो

उदगीर स्टेशनवर गाडी हलायला लागली तरी आप्पा खिडकीचा गज सोडेनात. "हाव म्हनू दे न्हाईतर न्हाई म्हनू दे, तोंडानं ऐकून ये माय," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मागे अव्वा, म्हणजे माझी आई, पदराने नाक पुसत उभी. नोकरीसाठी पुण्यात आलेले तुमच्यातले बहुतेक जण ऑफर हातात घेऊन गावातून निघाले. मी निघाले ते एका कंपनीकडून उत्तर आणायला. दोन ड्रेस, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. उत्तर घेऊन लगेच परत यायचं, असंच घरात ठरलं होतं.

झालं असं होतं. पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी माझा इंटरव्ह्यू झाला. शेवटच्या राउंडला एचआरच्या मॅडम लॅपटॉप मिटत गोड हसल्या. "जवळजवळ फायनल आहे, जॉइनिंगची तयारी ठेवा. सोमवारी कळवते." त्याच वेळी लातूरच्या एका डाळ मिलचे मालक मला हिशेबाला ठेवायला तयार होते. आप्पांचा शब्द म्हणून त्यांनी जागा अडवून ठेवली होती.

आप्पांचं किराणा दुकान. पण आमच्या समाजात त्यांना लोक बोलवायचे ते दुसऱ्याच कामासाठी. मुलगी बघून झाली आणि स्थळ पसंत नसलं, की नकार पोचवायला आप्पा. "होकार कुनीबी नेतंय, नकाराला मानूस लागतो," असं ते म्हणायचे. त्यांची रीत ठरलेली होती. मुलीच्या घरी जायचं, समोर बसायचं, स्पष्ट सांगायचं आणि मग त्यांनी दिलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायचा. अर्धा कप ठेवून उठलं तर पळून आल्यासारखं दिसतं म्हणे. लहानपणी मला हे फार अवघड काम वाटायचं, आणि ते होतंच.

तर रविवारी आप्पा एसटीने लातूरला गेले आणि मिलच्या मालकांना नाही सांगून आले. चहा पिऊन आले. "भल्या मानसाला लटकवून ठिवू नये," म्हणाले. ही आमची चूक. आमच्याकडे कोणी 'तयारी ठेवा' म्हटलं की लोक रुखवताला लागतात.

सोमवार गेला. पुढचाही गेला. मी फोन केला तर "प्रोसेसमध्ये आहे." मेल केला तर उत्तर नाही. पुन्हा फोन केला तर कोणी उचलेना. लातूरची जागा भरली गेली. दुकानात मीठ न्यायला आलेली बाईसुद्धा विचारायची, "कवा जानार पोरगी पुन्याला?" आप्पा तराजूकडे बघत "जाईल, जाईल" म्हणायचे. दुसऱ्यांचे एवढे नकार पोचवलेला हा माणूस, स्वतःच्या लेकीचं उत्तर कोणाला विचारावं ते त्याला समजेना. शेवटी त्यांनीच मला गाडीत बसवलं.

कंपनीच्या काचेच्या दारात वॉचमनने विचारलं, "अपॉइंटमेंट आहे?" नव्हती. मी सोफ्यावर बसून राहिले. दुपारी मॅडम गळ्यातलं कार्ड सावरत बाहेर आल्या. मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

"अगं, मेल आला नाही म्हणजे समजून घ्यायचं असतं ना."

"काय समजून घ्यायचं?"

"म्हणजे, दुसरं प्रोफाइल पुढे गेलं."

"म्हणजे नाही का?"

"असं डायरेक्ट नको घेऊस. पुढे काही असेल तर कळवूच."

मी म्हटलं, "मॅडम, एकदा 'नाही' म्हणा. मी लगेच जाते." त्यांनी माझ्याकडे न बघता वॉचमनकडे बघितलं. त्या दोन अक्षरांसाठी मी रात्रभर प्रवास करून आले होते आणि त्यांच्या तोंडून ती निघाली नाहीत. वॉचमनने मला दाराबाहेर काढलं, तेही "ताई, कळवतील हो" असं म्हणत.

आज इतकी वर्षं झाली तरी आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. नोकरी दिली नाही याचा राग नाही. जागा एक, माणसं दहा, कोणाला तरी नाही मिळणारच. पण आमच्या घरात आलेला होकार आम्ही यांच्या एका शब्दावर परत केला आणि यांना एक फोन करायला जड गेलं. वर याला प्रोफेशनल म्हणायचं! आमच्या बोलण्याला हसणारी हीच माणसं. नाही म्हणायची हिंमत नाही, आणि शिष्टाचार आम्हाला शिकवणार.

कोणतं तोंड घेऊन परत जायचं? मी मैत्रिणीच्या खोलीवर राहिले. त्या दोन ड्रेसवर एका सीएच्या ऑफिसात लागले, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. आता फ्लॅट आहे, ईएमआय आहे, डब्यात ओट्स असतात. आमच्या ऑफिसात इंटरव्ह्यू झाले की न घेतलेल्यांना मीच फोन करते. बाकीचे हसतात. हसू देत.

यंदा मी आप्पांना फोनवर म्हटलं, दुकान बंद करा, तुम्ही आणि अव्वा कायमचे इकडे या. दुसरी बेडरूम मी त्यांच्यासाठीच लावून ठेवली होती. त्यांनी "बोलतो" म्हणून फोन ठेवला. माझं डोकंच फिरलं. हेही आता पुण्याची भाषा शिकले की काय!

चार-सहा दिवसांनी सकाळी बेल वाजली. दारात आप्पा, एकटे, हातात तूरडाळीची पिशवी. सोफ्यावर न बसता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले. मी चहा टाकला.

"न्हाई माय. आमचं हितं जमनार न्हाई."

"एवढं सांगायला रात्रभर गाडीत बसून आलात?"

"मग? फोनवर सांगतेत का असलं?"

मी भांडले, रडले, त्यांच्या खोलीला लावलेला पडदा दाखवला, दवाखाना किती जवळ आहे ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. संध्याकाळच्या गाडीचं परतीचं तिकीट त्यांच्या खिशात होतं. मी रागाने धुमसत होते, आणि माझं घर माझ्यासमोर बसून, मला नाही म्हणून, बशीतला चहा शेवटच्या घोटापर्यंत पीत होतं.